आक्काच्या गिनी कोंबड्या आणि भिजत घातलेली ज्वारी

अटुबिगाला गिनी कोंबड्यांमधलं जेवढं कळतं तेवढं बोंगोच्या सगळ्या खडकाळ मुलखात दुसऱ्या कुणाला कळत नाही. हे दुसरं कुणी सांगत नाही, अटुबिगाच सांगतो. दावादावाच्या झाडाखाली बसून गवताच्या टोप्या विणता विणता सांगतो, आणि ऐकणारा कंटाळून उठला तर त्याच्या पाठीला सांगतो.

माणूस तसा गुणाचा. सत्तरी उलटली तरी दात शाबूत, कोलाचं बी कडाकड फोडून खायचा. टोपी अशी विणायचा की घातलेल्याला आपण गावचे मुखिया झालो असं वाटावं. खोट एकच, की चुकलो असं म्हणायला त्याची जीभ वळायची नाही. एकदा भर बाजारात दुसऱ्याचंच गाढव सोडून घरी घेऊन आला. मालक शोधत आला, तर याचं म्हणणं, "गाढवच माझ्यामागं आलं. त्याला माणसाची पारख दिसते."

बायको लाडी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलं कुमासीला, मालमोटारींवर. घरातल्या गोल खोल्या एकेक करून रिकाम्या पडत गेल्या आणि शेवटी चुलीपाशी एकटा अटुबिगा उरला. बाजरीच्या पिठाचा तुओ तो आपल्या हातानं घोटायचा. तो तुओ कुत्र्याला घातला तर कुत्रा आधी वास घ्यायचा, मग मान वर करून मालकाकडे बघायचा. त्या बघण्यात राग नसायचा, दया असायची.

अशा घरात त्याची थोरली बहीण अतिपोका परत आली.

अतिपोकाचं सासर नदीपलीकडं, कुलपेलगाला. सगळा जन्म तिनं तिथं काढला. नवरा गेला, त्याचे शेवटचे विधी झाले, वर्षाचं सुतक सरलं. आमच्याकडं अशा वेळी बाईला सासरी राहायचं की माहेरी परतायचं हे तिचं तिनं ठरवायचं असतं. सासरी तिचा धाकटा दीर होता, अकान्लू. तो म्हणाला, "वहिनी, राहा." इकडं अटुबिगानं निरोपावर निरोप धाडले, "आक्का, ये." शेवटी एका दुपारी तीनचाकी गाडी धडधडत टेकाडावर चढली. तीत अतिपोका बसलेली, मांडीवर तिचं शिंकं, आणि मागं वेताच्या टोपल्यांत कोंबलेल्या तिच्या गिनी कोंबड्या. अख्ख्या वाटेनं त्यांनी असा कल्ला केला होता की गाडीवाल्यानं कानात कापूस घातला होता.

"आक्का, आलीस!" अटुबिगा पुढं धावला.

"आले कुठं? उतरलेय नुसती," अतिपोका म्हणाली. "ऐकून ठेव, अटू. माझ्या कोंबड्या इथं रमल्या तर मी राहीन. त्या परत गेल्या तर मी त्यांच्या मागं. अकान्लू म्हणालाय, दोन बाजार व्हायच्या आत सगळ्या उडून माझ्या अंगणात येतात की नाही बघ."

"अकान्लूला कोंबडीतलं काय कळतं? त्याला रश्श्यातली तेवढी कळते."

"तुला कळतं ना? मग राखून दाखव."

एवढं बोलून तिनं शिंकं लाडीच्या खोलीत नेलं आणि जमिनीवर ठेवलं. खुंटीला टांगलं नाही. खुंटीही नव्हती म्हणा, पण तिनं मागितलीही नाही. आमच्याकडं बाई आपली भोपळ्याची वाडगी ज्या शिंक्यात ठेवते, ते शिंकं जिथं टांगलेलं तिथं तिचं घर. जमिनीवरचं शिंकं म्हणजे पाहुणी. अटुबिगानं ते पाहिलं. पण वरून म्हणाला, "त्यात काय! पोरखेळ आहे."

पोरखेळ मुळीच नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. गिनी कोंबडीचं पिल्लू कुठंही रमतं. मोठी झालेली गिनी कोंबडी मात्र आपलं गाव डोक्यात घेऊन फिरते. ते झाड, तो उकिरडा, ती सकाळची धुळीतली अंघोळ, सगळं तिच्या त्या एवढ्याशा टकलात पक्कं बसलेलं असतं. दार उघडं दिसलं की निघाली. साधी कोंबडी असती तर कुंपणाशी घोटाळली असती. ही उडते, आणि सरळ रेषेत उडते.

अटुबिगानं मग बाकी सगळं बाजूला ठेवलं. कडेची मोठी गोल खोली झाडून घेतली. कोंबड्यांना बसायला आत आडव्या काठ्या बांधल्या. दाराला वेताची जाळी लावली, म्हणजे आतून अंगण दिसावं, दावादावाचं झाड दिसावं, कुत्रं दिसावं आणि कुत्र्याचं भय मोडावं. जुन्या मडक्यात शेण आणि काडीकचरा भरून ते माळावर पालथं घातलं. सकाळी उचललं की खाली वाळवीचा खच. ती वाळवी आणि मूठभर बाजरी, रोज तो दारापाशी बसून द्यायचा आणि कोंबड्यांशी गप्पा मारायचा. "खा गं बायांनो. कुलपेलगाची वाळवी ती काय वाळवी? तिला चव तरी आहे का?"

"त्यांना ऐकवतोयस की मला?" अतिपोका चुलीपासून विचारायची.

"ज्याला लागेल त्याला."

तिनं चूल मात्र हातात घेतली होती. पहिल्या संध्याकाळी तिनं केलेला तुओ आणि शेंगदाण्याचा रस्सा खाऊन अटुबिगा गप्प झाला. अटुबिगा गप्प, ही शेजारीपाजारी बातमी झाली. कुत्रं तर तेव्हापासून अतिपोकाच्या पायापासून हलेना.

एक चांद पुरा कोंडून ठेवायचं, आणि मग एकावेळी एकच कोंबडी बाहेर सोडायची, ही मोठ्या गिनी कोंबड्या रमवायची खरी रीत. बाहेरची एकटी जात नाही. आतल्या ओरडतात, बाहेरची त्यांच्याभोवतीच घिरट्या घालते. गिनी कोंबडीला घरापेक्षा सोबत प्यारी. हेही अटुबिगाला ठाऊक होतं. ही रीत त्यानं अख्ख्या गावाला टोप्या विणता विणता शिकवली होती. आणि नेमका तोच घसरला.

झालं असं की शेजारच्या म्हाताऱ्याचे शेवटचे विधी त्याच दिवसांत आले. म्हातारा गेला होता दोन उन्हाळ्यांपूर्वी, पण धान्य साठवून, माणसं जमवून विधी करायचे म्हणजे वेळ लागतोच. ढोल आले, शिंगांची शिरस्त्राणं घालून नाचणारे आले, आणि ठासणीच्या बंदुका आल्या. आदल्या दिवशी वडीलधाऱ्यांची बैठक बसली. बंदुका कधी उडवायच्या? अटुबिगा तिथं होताच. त्यानं घसा साफ करून निवाडा दिला, "नदीपलीकडचे सोयरे अंगणात पाऊल टाकतील, त्याच क्षणी. सगळ्या एकदम. मान राहिला पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या.

नदीपलीकडच्या सोयऱ्यांत अकान्लू येणार होता. सकाळपासून अटुबिगाच्या डोक्यात एकच चित्र. अकान्लू टेकाड चढून येतोय, आणि समोर आक्काच्या सगळ्या कोंबड्या अंगणात मजेत दाणे टिपतायत. चांद पुरा व्हायला थोडे दिवस बाकी होते. एक सोडून भागलं असतं. पण एक कोंबडी ती काय दाखवायची? एक तर कुणाच्याही अंगणात असते.

सोयऱ्यांचे ढोल ऐकू आल्याबरोबर त्यानं जाळीचं दार सताड उघडलं. कोंबड्या बाहेर आल्या. अंग झाडलं, ठिपक्यांचे पंख फुलवले, ऐटीत चार पावलं टाकली. अटुबिगानं अंगरखा सारखा केला, टोपी तिरकी केली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. शेजारच्या अंगणात अकान्लूनं पहिलं पाऊल टाकलं.

आणि सगळ्या बंदुका एकदम उडाल्या. मान राहिला.

धूर विरला तेव्हा कोंबड्या छपरावरून पार होत होत्या. मग खडकांवरून, मग कापणी झालेल्या रानावरून, आणि मग नदीच्या रोखानं, किंचाळत, एका सरळ रेषेत. अकान्लू डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. मग सावकाश अटुबिगाकडं आला.

"पाव्हणं, कोंबड्या कुठं निघाल्या?"

"चरायला."

"एवढ्या लांब?"

"त्यांना मोकळं रान आवडतं."

"माझंच रान आवडलेलं दिसतंय," अकान्लू म्हणाला आणि पोट धरून असा हसला की विधीला आलेल्या दोन म्हाताऱ्यांना तो रडतोय असं वाटलं. त्यांनी त्याला थोपटलं.

अटुबिगा घरात आला तेव्हा अतिपोका शिंकं मांडीवर घेऊन बसली होती.

"तीनचाकीवाल्याला निरोप दे, अटू."

"आक्का, त्या आपल्या मनानं नाही गेल्या. बंदुकीनं नेलं त्यांना."

"आणि बंदूक कुणाच्या निवाड्यानं उडाली?"

अटुबिगानं छपराकडं पाहिलं. छपरात बघण्यासारखं काही नव्हतं, पण तो बराच वेळ बघत राहिला. अतिपोकानं त्याच्याकडं पाहिलं, आणि बहुतेक तिला तो पाठीवर बांधून हिंडवलेला शेंबडा अटू आठवला असावा.

"बरं," ती म्हणाली. "बंदुकीचं मी धरत नाही. जा, घेऊन ये. पण पुन्हा गेल्या तर मी एक शब्द ऐकायची नाही."

दुसऱ्या दिवशी अटुबिगा टोपल्या डोक्यावर घेऊन नदी उतरला. उन्हाळ्यात नदी म्हणजे नुसती वाळू. कुलपेलगाला पोचला तर अकान्लू अंगणात आडवा पडलेला, आणि वर झाडाच्या शेंड्यावर सगळ्या कोंबड्या ओळीनं.

"या पाव्हणं, पाणी घ्या. कोंबड्या तुमच्याच आहेत, घेऊन जा. मी कुठं धरून ठेवल्यात?"

अटुबिगानं बाजरी पसरली. कोंबड्यांनी वरून पाहिलं, जेवणं उरकल्यावर आलेल्या पाहुण्याकडं लोक बघतात तसं. त्यानं वाळवी ठेवली. अकान्लूच्या साध्या कोंबड्यांनी ती खाल्ली. त्यानं हाका मारल्या, शीळ घातली, शेवटी अंगरखा काढून झाडावर चढायला लागला. अकान्लूच्या घरातल्या सगळ्या बाया कामं टाकून बाहेर आल्या. तिसऱ्या फांदीपर्यंत सत्तरी उलटलेला माणूस नीट गेला. मग फांदी म्हणाली बास, आणि अटुबिगा ज्वारीच्या कडब्यात बसता झाला. बसता म्हणजे तोंडावर.

"लागलं का हो पाव्हणं?"

"लागलं कुठं? उतरायचंच होतं."

"आठवतं का रे अटुबिगा," कडबा झटकायला मदत करत अकान्लू म्हणाला. आता तो पाव्हणं म्हणत नव्हता. "वहिनी लग्न होऊन इथं आली, तेव्हा तू एवढासा होतास. नदी ओलांडून रडत यायचास. तुझा बाप तुला उचलून न्यायचा, आणि चार दिवसांनी तू परत इथं, याच झाडाखाली. आम्ही पोरं तुला गिनी कोंबडा म्हणायचो."

"मी तुझं नाक फोडलं होतं."

"फोडलं होतंस," अकान्लूनं आनंदानं नाक चाचपलं. "ऐक आता. या कोंबड्या मलाही मोजत नाहीत. त्यांना एकच आवाज कळतो. वहिनी संध्याकाळी वाडग्यावर चाटू वाजवते, तो."

अटुबिगा हात हलवत परतला. वाटभर एकच धास्ती. वाडगं शिंक्यात, आणि बाईच्या शिंक्याला पुरुषानं हात लावायचा नसतो. म्हणजे आक्कालाच न्यायला हवं. आणि आक्का एकदा त्या अंगणात जाऊन बसली तर आपण कितीदाही कडब्यात पडलो तरी ती परत यायची नाही. निदान जाण्याआधी तिच्या हातचं पितो, म्हणजे आमची ज्वारीची आंबवलेली दारू, तेवढं तरी प्यावं, असा दुबळा विचार मनात आला. त्यानं घरी येताच ज्वारी काढली आणि मडक्यात भिजत घातली.

सकाळी अतिपोका वाडगं आणि चाटू कापडात गुंडाळून निघाली, आणि रिकाम्या टोपल्या घेऊन अटुबिगा तिच्या मागं. संध्याकाळी अकान्लूच्या अंगणात तिनं चाटू वाजवला. टक टक, टक टक. झाड रिकामं झालं. कोंबड्या तिच्या पायाशी अशा गोळा झाल्या की जणू कधी गेल्याच नव्हत्या. त्यांना टोपल्यांत भरेपर्यंत अकान्लूच्या बायकांनी तिला हात धरून बसवलं. कुणी पाणी आणलं, कुणी तिच्या जुन्या खोलीला शेणाचा हात फिरवला होता तो दाखवला.

"वहिनी, आता आलीच आहेस तर राहा," अकान्लू म्हणाला. "कोंबड्यांनी निकाल दिलाय. पुन्हा लग्न करायचं मनात असलं तर मीही आहेच."

"तुझ्यापेक्षा ते कडब्यात पडलेलं ध्यान बरं," अतिपोका म्हणाली. सगळे हसले. पण ती उठली नाही. तिनं अंगणावरून नजर फिरवली, झाडाकडं पाहिलं, नवऱ्याच्या समाधीच्या ढिगाऱ्याकडं पाहिलं.

मग ती एकदम ताडकन उठली. "अगं बाई! ज्वारी भिजतेय! उद्या सकाळी उपसून पसरली नाही तर कुजेल सगळी. हा बाबा बघणार आहे का? चल रे अटू, उचल टोपल्या!"

डोक्यावर किंचाळणाऱ्या टोपल्या घेऊन वाळू तुडवताना अटुबिगाच्या मनात हळूहळू उजेड पडत गेला. एक बाहेर, बाकीच्या आत. बाहेरची जात नाही.

त्यानंतर त्यानं रीत अगदी काटेकोर पाळली. कोंबड्या पुन्हा चांदभर कोंडल्या. मग रोज एकीलाच बाहेर सोडायचं. आतल्या ओरडायच्या, बाहेरची जाळीभोवती गोल गोल फिरायची, आणि संध्याकाळी आक्काचा चाटू वाजला की धावत आत शिरायची. मग दोघी, मग तिघी.

आणि इकडं ज्वारी. भिजलेली ज्वारी उपसायची, पसरायची, कोंब येऊ द्यायचे, वाळवायची, दळायची, उकळायची, आंबवायची. मधे कुठंही घर सोडता येत नाही. पहिलं पितो उतरायच्या आत अटुबिगानं दुसरी ज्वारी भिजवली. दुसरं उकळतंय तोवर तिसरी. कारणं तो नवी नवी शोधायचा. शेजाऱ्याचं छप्पर घालायचंय, मदतीला माणसं येणार. कुणाला सर्दी झालीय. आज वारा सुटलाय, अशा वाऱ्यात लोकांना तहान फार लागते. दावादावाखाली रोज माणसं जमू लागली. इतकं पितो त्या टेकाडावर कधी झालं नव्हतं. टोप्या विणणं बंद पडलं, कारण दोन वाडगी पोटात गेल्यावर टोपीची टोपली व्हायची.

अकान्लूही यायचा, प्यायचा, मिशा पुसायचा. "वहिनी, कधी येतेस?"

"एवढं उतरलं की येते."

"हेच तू मागच्या वेळी म्हणालीस."

"मग काय नासू देऊ?"

अकान्लू मडक्याकडं बघायचा, अटुबिगाकडं बघायचा. अटुबिगा कोंबड्यांकडं बघायचा.

शेवटी तो दिवस आला. सगळ्या कोंबड्या एकदम सोडायच्या. त्या दिवशी अटुबिगा चवड्यांवर चालत होता. वाटेनं एक जण फटफटीवरून आला, त्याला खाली उतरवून गाडी टेकाडाखालपर्यंत ढकलत न्यायला लावली. शेजारच्या बायांना उखळात कांडण करू दिलं नाही. कुत्र्याला खोलीत कोंडलं. अकान्लू मुद्दाम बघायला आला, तर त्याला म्हणाला, "शिंक आली तर नदीपलीकडं जाऊन शिंक."

दार उघडलं. कोंबड्या बाहेर आल्या. धुळीत अंघोळ केली, उकिरडा उकरला, माळावर दूरवर गेल्या. दुपारी तर दिसेनाशाच झाल्या. अटुबिगा कोलाचं बी न फोडता नुसताच चघळत बसला. ऊन कललं, तशी अतिपोका अंगणात आली आणि तिनं वाडग्यावर चाटू वाजवला.

खडकांमागून धूळ उठली. मग ते ठिपके, धावत, ढकलाढकली करत. दाणे टिपले, आणि खोलीत शिरण्याऐवजी एकेक करून उडाल्या आणि दावादावाच्या फांद्यांवर जाऊन बसल्या. वर थोडं भांडण झालं, जागा वाटून झाल्या, आणि मग गप्प.

"बघितलंस?" अटुबिगा अकान्लूला म्हणाला. "मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"अटू," अतिपोकाची हाक आली. ती ज्वारीच्या कणगीत वाकून बघत होती. "ही कणगी भरलेली होती ना रे?"

"होती... थोडी."

"आणि आज मडक्यात पुन्हा भिजतेय." ती सावकाश सरळ झाली. कणगीकडं पाहिलं, झाडावरच्या कोंबड्यांकडं पाहिलं, मग भावाकडं. "एक बाहेर, बाकीच्या आत. होय ना रे मेल्या?"

अटुबिगानं टोपी काढून तिची वीण तपासायला घेतली. अकान्लूच्या नाकातून पितो बाहेर आलं.

"आता भिजवू नकोस," अतिपोका म्हणाली. "उद्या मला नदीपलीकडं जायचंय."

टोपी अटुबिगाच्या हातातून पडली. अकान्लू नाक पुसत उभा राहिला, चेहरा उजळलेला. "वहिनी! मी म्हणालो नव्हतो?"

"तू गप्प बस. माझी मोठी मडकी तुझ्या घरात अडकलीत, ती काढून ठेव. गाढवाची गाडी घेऊन येतेय. या माणसाच्या फुटक्या भांड्यांत किती दिवस पितो करू? अर्धं तर बुडातून झिरपतं." मग भावाकडं वळली. "आणि तू बघत काय उभा राहिलास? त्या खोलीत एक खुंटी नाही. शिंकं काय डोक्यावर टांगून झोपू?"

अकान्लूनं रिकामं वाडगं पुढं केलं. "निदान हे तरी भर, वहिनी. मडकी जायची तर दुःख बुडवायला पाहिजे."

सकाळी अतिपोका गाडीवर बसून निघाली. शिंकं घरातच होतं. कोंबड्यांनी झाडावरून उतरून कुंपणापर्यंत तिची सोबत केली आणि माघारी वळल्या. अटुबिगानं शिसवीची खुंटी तासली, भिंतीत ठोकली, ओढून बघितली, पुन्हा ठोकली. मग दारात उभा राहून वाळूवरून दूर जाणारी गाडी ठिपक्याएवढी होईपर्यंत बघत राहिला. बहिणीच्या शब्दावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

मग तो आत गेला, कणगीच्या तळाशी हात घालून उरलीसुरली वाडगंभर ज्वारी काढली, आणि भिजत घातली.